पांढरा माल

प्रिय दादा,

हे पत्र लिहायचं म्हणून मी तीनदा कागद आणले. पहिल्यांदा आणले त्यांवर चहा सांडला. दुसऱ्यांदा आणले ते खिडकीची फट बुजवायला गेले, कारण माझ्या खोलीखाली लाँड्री आहे आणि तिची वाफ वर येते. तिसऱ्यांदा आणलेल्यांतले हे उरलेले. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण वेळ होता. वस्तादांनी तुला वर्कशॉपमधून काढलं त्याला पाच महिने झाले आणि या पाच महिन्यांत मी काय काय नाही केलं? दोन सिनेमे पाहिले, समोरच्या छपरावरच्या कबुतरांची पिल्लं मोजली, एका माणसाकडून गिटार आणली आणि परत दिली. तुला पत्र तेवढं लिहिलं नाही. फोन केला की वहिनी उचलते आणि तू कामावर गेलास म्हणते. सुट्टीच्या दिवशीही तू कामावरच. वहिनीला खोटं बोलायची सवय नाही रे, तिचा आवाज लगेच बारीक होतो. मी मग बरं म्हणून ठेवून देते. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटतं, आणि त्या हायसं वाटण्याची नंतर दिवसभर किळस येते.

तिनेच सांगितलं की तू बर्फाच्या कारखान्यात लागलास, कॉम्प्रेसरला तेल घालतोस आणि काट्यांवर नजर ठेवतोस. ऐकलं तेव्हा हातात ब्रेड होता, तो तसाच राहिला. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून आत काय तुटलंय ते सांगणारा माणूस, बावीस वर्षं वस्तादांचा उजवा हात, तो आता तेलाची कुपी घेऊन बर्फाभोवती फिरतो. तिथे तुझी बोटं आखडतात का? उजवी करंगळी तर आधीच वाकडी. असो, माझं भरकटतं, तुला माहीत आहे. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हिच्या निबंधात गाय सुरू होते आणि शेवटी जहाज निघतं. तू मला भिंगरी म्हणायला लागलास ते त्यानंतरच बहुतेक.

तर विषय ट्रकचा आहे. तोच, लढाईतला, सहा चाकी. मला त्याचा पहिल्या दिवसापासून वीट आलाय. बाकीचे लोक त्याच्याभोवती फिरून काय ते इंजिन, काय ते लोखंड म्हणत होते, पण मला आठवतं ते सगळं घाण आहे. चाळीस वर्षं तो विटांच्या भट्टीमागच्या शेतात पडून होता. केबिनमध्ये कोंबड्या राहायच्या. सीटच्या स्प्रिंगांत फुटलेली अंडी वाळून चिकटलेली, पिसं, आणि इतकी विष्ठा की तू खोरं मागितलंस. हवेच्या फिल्टरमध्ये उंदरांनी घर केलेलं, त्यात गुलाबी पिल्लं, मेलेली, सुकलेली. आणि तू तेलाच्या चेंबरचा बोल्ट सोडवलास तेव्हा तेल वाहिलंच नाही. थोडा वेळ काहीच झालं नाही आणि मग ते एका गठ्ठ्यात खाली पडलं, घाणीच्या ढेकळासारखं, त्यात किड्यांचे पाय आणि एक अख्खी पाल. तू त्यात कोपरापर्यंत हात घातलास, बोटं एकमेकांवर घासलीस, वास घेतलास आणि म्हणालास, पाणी गेलंय पण बेअरिंगचा चुरा नाही, बाई अजून जिवंत आहे. मी मागच्या नळापाशी जाऊन ओकले. परत आले तेव्हा तू हसत होतास आणि वस्ताद पण हसत होते. तुम्ही दोघं एकत्र हसलात ते मी पाहिलेलं शेवटचं.

मी काही इंजिनांसाठी तुझ्याकडे आले नव्हते हे तुलाही ठाऊक आहे. फेरीबोटीवर तिकिटं फाडायचं काम सुटलं होतं, त्याआधी सर्कशीचे तंबू शिवले, त्याआधी बेकरीत होते तिथे मालकाशी वाजलं. तू वस्तादांना म्हणालास, माझी बहीण आहे, हात चांगला आहे, बूड स्थिर नाही. वस्ताद म्हणाले, बूड आपण स्थिर करू. पहिल्या दिवशी तू मला सगळं वर्कशॉप फिरून दाखवलंस, ही लेथ, ही सिलिंडर घासायची होन, हा कॉस्टिकचा ड्रम. ड्रमाखाली शेगडी, ड्रमात उकळतं सोड्याचं पाणी, आणि त्यात बुडवलं की जन्माची चिकटलेली घाण अर्ध्या तासात सुटते. लोखंड काहीही टाक, म्हणालास, पांढरा माल टाकायचा नाही. अॅल्युमिनियमला वर्कशॉपात पांढरा माल म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. मी तेव्हा लेथवाल्याच्या मिशा बघत होते. त्या लेथमध्ये कशा अडकत नाहीत याचा विचार करत होते.

घाण नुसती ट्रकात नव्हती. तो ट्रक ज्याने आणला तो, जुन्या गाड्यांच्या क्लबचा सेक्रेटरी, त्याची मला सगळ्यात जास्त किळस. अहोजाहो करायला पाहिजे, पण इथे कोण ऐकतंय. आयुष्यात सैन्यात एक दिवस गेला नाही आणि अंगावर तिन्हीत्रिकाळ खाकी, खांद्यावर कुणाच्या तरी पट्ट्या. अत्तर इतकं की पेट्रोलचा वास मरायचा. हात मिळवला की लगेच रुमालाला पुसायचा, तोही समोरच. बंपरवर पाय ठेवून फोटो काढून घ्यायचा. त्याने वस्तादांना सांगितलं की ड्रायव्हरच्या दाराला गोळ्यांची सात भोकं पाडून द्या, एका तिरक्या रेघेत, लोकांना आवडतं. वस्ताद म्हणाले की ज्या दारात भोकं पडली त्या दारामागे कुणीतरी बसलेलं असायचं, साहेब. तो म्हणाला, हो ना, तेच तर. त्याला कळलंच नाही. ड्रिल शेवटी कुणी मारलं ते नंतर सांगते.

तरी वस्तादांनी ते काम घेतलं. ते पोरवयात असल्याच ट्रकांखाली झोपून शिकले, हे ते सांगायचे नाहीत पण दिसायचं. रेडिएटरवर हात ठेवून उभे राहायचे, जणू म्हातारी म्हैस आहे. आणि त्यांनी ते इंजिन तुला दिलं. तुझा एप्रन स्टँडवर लटकवला.

एप्रनचं तुला सांगायची गरज नाही, पण मी ते इतक्या वेळा मनात घोळवलंय की लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जो इंजिन खोलतो त्याचा एप्रन स्टँडच्या हुकाला, आणि ते इंजिन परत सुरू होईपर्यंत तो तिथून हलत नाही. त्या इंजिनात काही चांगलं झालं ते त्याचं, वाईट झालं ते त्याचं, बोल्ट कुणाच्याही हातून पडो. वस्तादांनीच केलेला नियम. त्यांचा स्वतःचा वस्ताद चूक झाली की सगळ्यांना ओळीत उभं करून विचारायचा, कुणी केलं, आणि मग सगळे एकमेकांकडे बोटं दाखवायचे. त्या बोटांचा वस्तादांना तिटकारा. म्हणून एप्रन. माझ्या वर्कशॉपात बोट दाखवायला जागाच नको, म्हणायचे.

हेड उतरवलं त्या दिवशी तू मला हाक मारलीस ते आठवतं? आत सगळं काळंकुट्ट, व्हॉल्व्ह गंजून आपापल्या जागी चिकटलेले, पाण्याच्या वाटांत चिखल. आणि त्या सगळ्यात तू एकेक पिस्टन वर ढकलून काढलास, कॉटन वेस्टने पुसलास, मायक्रोमीटर लावलास, परत लावलास. मग बाकावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ते ओळीने मांडलेस आणि वस्तादांना बोलावलंस. म्हणालास, सहाच्या सहा जिवंत आहेत. ट्रक जुना, कंपनी कधीच बंद पडलेली, त्या मापाचे पिस्टन आता मिळत नाहीत. सगळं कुजलं आणि नेमकं जे कुजलं तर भागलं नसतं तेच टिकलं. वस्तादांनी एक उचलून गालाला लावला. खरंच लावला, मी पाहिलं.

तुला इंजिनाचा क्रँक घासून आणायला ग्राइंडिंगला जायचं होतं, नदीपलीकडे. जाताना मला सांगून गेलास की पिस्टनवरचा कार्बन लाकडी काडीने खरवडायचा, लोखंड लावायचं नाही, रॉकेलने पुसायचं, रिंगा बसतात त्या खाचा एकेक करून. मला काडी करून दिलीस. मी एका पिस्टनवर तास घालवला. त्या खाचांतून निघतं ते काळं, जाड, चिकट, नखाखाली जातं आणि नखाखालून तोंडात जाईल असं सारखं वाटतं. जळक्या तेलाचा आणि कसल्यातरी कुजक्या गोडसर पाण्याचा वास. मला उंदरांची पिल्लं आठवली, पाल आठवली. मग मी ड्रमाकडे पाहिलं. शेगडी चालू होती, ब्लॉकचे बोल्ट आत टाकलेले होते. सहाही पिस्टन जाळीच्या टोपलीत ठेवले आणि सोडले. टोपली सोडताना थेंब उडून मनगटाला लागला, मी झटकला. फेस आला. मला वाटलं, बघा कशी निघतेय घाण. मला अक्कल वापरल्यासारखं वाटलं, दादा. दोन दिवसांचं काम अर्ध्या तासात.

अर्धा तास बाहेर काढावा म्हणून मी रस्त्यावर आले. आणि कोपऱ्यावरच्या घरातून लोक पियानो उतरवत होते. दुसऱ्या मजल्यावरून, खिडकीची चौकट काढून, दोरांनी. असं मी कधी पाहिलं नव्हतं. पियानो हवेत लटकलेला, वाऱ्याने थोडा फिरतोय आणि आतून आपोआप बारीक आवाज येतोय. एका माणसाने मला म्हटलं, ए, जरा ही दोरी धर. मी धरली. मग दोरी अडकली, मग शिडी आली, मग पियानोच्या मालकीणबाई रडायला लागल्या. मी अडीच तास ती दोरी धरून उभी होते आणि मला फार छान वाटत होतं, हे मी तुला सांगितलंच पाहिजे. त्या अडीच तासांत मी जगातल्या सगळ्यात उपयोगी लोकांपैकी एक होते.

परत आले तेव्हा तू ड्रमापाशी उभा होतास. हुकाने टोपली वर काढली होतीस. त्यात सहा गोष्टी होत्या, पण त्या पिस्टन नव्हत्या. राखेच्या रंगाच्या, खडबडीत, कडा खाल्लेल्या, साबण पाण्यात विसरला की होतो तसं; पिस्टन पांढरा माल होते आणि सोडा पांढरा माल खातो. खाचा इतक्या रुंदावलेल्या की रिंग आत खुळखुळली असती. माझ्या मनगटाकडे पाहिलंस. सोड्याने भाजलं होतं, पांढरी पडलेली कातडी, मला दोरीच्या नादात कळलंही नव्हतं. मला नळापाशी नेलंस आणि हात पाण्याखाली धरून ठेवलास, इतका वेळ की मी कंटाळले. मला वाटलं, ओरडत का नाही हा. मग दारात वस्तादांचा आवाज आला आणि सेक्रेटरीचा. तू फक्त म्हणालास, बाही खाली कर.

पुढचं घडलं तेव्हा तू पण होतास, मी पण होते, तरी मला ते लिहायचंच आहे. वस्तादांनी टोपली पाहिली. सेक्रेटरी आपल्या रुमालातून बोलला की हेच का तुमचं नावाजलेलं वर्कशॉप, यापेक्षा मी नवीन डिझेल इंजिन आत घातलं असतं, बॉनेट उघडून बघतो कोण. वस्तादांचं तोंड लाल झालं. त्यांनी स्टँडकडे पाहिलं, एप्रन तुझा. विचारलं, हे काय आहे? तू म्हणालास, "इंजिन माझं आहे." ते म्हणाले, चुकलं म्हण, विषय संपला. आणि तू तेच परत म्हणालास, इंजिन माझं आहे. चुकलं म्हणाला नाहीस. कारण तुझं चुकलंच नव्हतं आणि तुला खोटं बोलता येत नाही, तुम्हा दोघा नवराबायकोला तो एकच रोग. त्यांना वाटलं तू माजलास. बावीस वर्षांत पहिल्यांदा तू त्यांचं ऐकलं नाहीस, तेही त्या खाकीवाल्यासमोर. मी तिथे होते. माझ्यापासून वस्ताद चार पावलांवर होते. मी बाही खाली करून उभी होते. वस्तादांनी हुकावरून एप्रन काढला, घडी घातली आणि तुझ्या हातात दिला. तू हत्यारांची पेटी पण घेतली नाहीस.

मी दुसऱ्या दिवशी सांगणार होते. मग वाटलं, आठवड्याने वस्ताद शांत होतील आणि तुला बोलावतील. मग तू गाव सोडून वहिनीच्या माहेराकडे गेलास, आणि मग ते जुनं झालं. गोष्ट जुनी झाली की ती सांगायला आणखी मोठं तोंड लागतं. मी काय केलं, तर मी काम केलं. मरणाचं काम केलं. कुठे तीन महिन्यांवर टिकले नव्हते ती मी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी शटर वर करायला लागले. मिशीवाल्याने बसचे पिस्टन आणून लेथवर मापाला उतरवले, दोन फुकट घालवले, परत आणले, ब्लॉकचा बोअर, पिस्टन खालीवर होतो ते भोक, त्यांच्या मापाला वाढवला. मी त्याच्या शेजारी उभी राहून बोअरला दिवा धरला. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, हाताने, हजार वेळा इकडे, हजार वेळा तिकडे. बेअरिंगला निळी शाई लावून कुठे टेकतं ते बघून खरवडायचं, तेही शिकले. घाणीचं आता काही वाटत नाही. चेंबरात हात घालून उभ्या उभ्या पाव खाते. मळमळ संपली की माणूस सुटतो असं मला वाटायचं, पण मळमळ नुसती जागा बदलते. दारातली ती सात भोकं पण मीच पाडली, दादा. वस्तादांनी हात लावला नाही, मिशीवाल्याने नाही म्हटलं, मी हो म्हटलं. तेव्हा मी कशालाही हो म्हणत होते.

गिऱ्हाइकं तुझी चौकशी करायची. वस्ताद आधी विषय बदलायचे. मग एकदा म्हणाले, लक्ष उडालं होतं त्याचं. मग कुणी म्हणालं, पीत असेल. वस्ताद नाही म्हणाले नाहीत. तू, ज्याला खोकल्याच्या औषधाने झिंग येते! पुढच्या महिन्यात तीच माणसं मला सांगायला लागली, तुझा भाऊ प्यायचा ना, वाईट झालं. मी प्रत्येक वेळी पान्हा घेऊन ट्रकखाली शिरले. खाली पडून राहायचे, वर डिफरन्शियल, नाकावर ग्रीसचा थेंब, आणि पाय जाईपर्यंत वाट बघायचे. उन्हाळाभर पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. मिशीवाला म्हणाला, ही लाजाळू कधीपासून झाली.

चार दिवसांपूर्वी वस्तादांनी बाजारातून नवा कोरा एप्रन आणला आणि स्टँडच्या हुकाला स्वतः लटकवला. पाच महिने तो हुक रिकामा होता, आम्ही सगळे त्याला वळसा घालून जायचो. म्हणाले, पोरी, हे इंजिन आता तुझं. हात माझ्या डोक्यावर ठेवला. मी बरं म्हटलं आणि मागच्या नळापाशी गेले आणि ओकले, त्याच जागी. यावेळी कुठलीही घाण समोर नव्हती. स्वच्छ नळ होता आणि मी होते.

आज सकाळी इंजिन सुरू केलं. सेक्रेटरी आला होता, फोटोवाला आणला होता, ट्रकच्या चाकांना काळं पॉलिश लावून घेतलं होतं. वस्ताद म्हणाले, एप्रनवालीने सुरू करायचं. मी केबिनमध्ये चढले, स्टार्टर दाबला. दोनदा नुसतं कण्हलं, तिसऱ्यांदा धरलं. दादा, ते असं धरलं की काच थरथरली नाही. सहाच्या सहा एका ओळीत, जाड आणि सावकाश, ऑइलचा काटा वर जाऊन थांबलेला. तू असतास तर डोळे मिटून उभा राहिला असतास. वस्तादांनी डोळे मिटले होते. आणि सेक्रेटरी त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाला की त्या दारुड्याला हाकललंत ते बरंच केलंत, ही पोरगी त्याच्यासारख्या दहांना भारी आहे, चला, हिला मध्ये घेऊन फोटो काढू. आणि वस्तादांनी डोळे न उघडता मान हलवली. हो अशी.

मी बोलले. कुणाला ऐकू गेलं नाही, इंजिनाचा आवाज होता. मग मी स्विच बंद केला. नवं बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की असं मध्येच बंद करायचं नसतं, सगळे माझ्याकडे वळले. मी वरूनच म्हणाले, "पिस्टन मी टाकले होते. दादाने नाही." सेक्रेटरी हसला, त्याला गंमत वाटली. मी खाली उतरले आणि बाही वर केली. डाग आहे अजून, तांब्याच्या नाण्याएवढा, चकचकीत. वस्तादांनी तो पाहिला. मग त्यांनी एकच विचारलं, "त्याला माहीत होतं?" मी हो म्हणाले. त्यांनी सगळ्यांना हाताने बाहेर जायची खूण केली, सेक्रेटरीला पण, त्याच्या फोटोवाल्याला पण, मला पण, आणि शटर आतून खाली ओढलं. सकाळचे अकरा वाजले होते. कामाच्या दिवशी ते शटर खाली गेलेलं मी कधी पाहिलं नाही. मी फुटपाथवर अर्धा तास उभी राहिले. आतून काही आवाज आला नाही.

आता दुपारचे तीन वाजलेत आणि मी हे लिहितेय. पिशवी भरून झालीय, माझं सामान होतंच किती. माफी मागायला लिहीत नाहीये, ती कागदावर मागितली तर मला माझीच आणखी शिसारी येईल. लिहितेय ते वेगळ्यासाठी. वहिनी परवा फोनवर बोलता बोलता बोलून गेली की तू तिकडच्या दोन वर्कशॉपांत विचारलंस आणि दोन्हीकडे तुला म्हणाले, पिस्टन कॉस्टिकमध्ये टाकणारा तूच ना. म्हणजे ते तिथपर्यंत पोचलंय. तर हा कागद जवळ ठेव. तुला दाखवायला लागेल म्हणून स्वच्छ लिहिते: त्या लष्करी ट्रकचे सहा पिस्टन मी, याची धाकटी बहीण, हिने कॉस्टिकच्या ड्रमात टाकले आणि पियानो बघायला गेले. त्या वेळी माझा भाऊ नदीपलीकडे ग्राइंडिंगला होता. तो दारू पीत नाही. त्याच्या हातून बावीस वर्षांत काही बिघडलेलं नाही. एवढी चार वाक्यं पाच महिन्यांपूर्वी लिहायची होती, बाकीची पानं फाडून टाकलीस तरी चालेल. मी कुठे जाणार ते ठरलं नाही, पण

जिन्यात कुणीतरी आहे. लाँड्रीवाली नाही, ती धावत येते. कुणीतरी एकेक पायरी थांबून थांबून.

दादा, वस्ताद आलेत. आपल्याच वर्कशॉपच्या माळ्यावर चार वर्षांत न चढलेला माणूस, दोन जिने चढून दारात उभा आहे. इस्त्रीचा शर्ट घातलाय, हातावर ग्रीस तसंच आहे. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मला वाटलं आता शिव्या. ते म्हणाले, "लिहीत काय बसलीस? तो राहतो कुठे ते सांग." मी सांगितलं, खूप लांब आहे, दोन बस बदलाव्या लागतात, मी पोस्टात टाकते. तर म्हणाले की पाकीट नको, हातात दे त्याच्या, आपण आत्ताच्या बसने निघतोय. आधी मी आत जायचं आणि तुला हे वाचायला द्यायचं. ते बाहेर थांबणार. तू ये म्हणालास तरच आत येणार, नाहीतर तसेच परत जाणार, मला बजावून सांगितलंय की मध्ये काही बोलायचं नाही. म्हणून लिहून ठेवते, बोलत नाही: तू हे इथपर्यंत वाचलंस तेव्हा ते तुझ्या दाराबाहेर उभे आहेत. गुडघ्यांनी त्यांना फार वेळ उभं राहता येत नाही.

तुझीच,
भिंगरी